वायफाय जोडलेलं दिसतं, पण इंटरनेट नाही: बिघाड कुठे आहे ते आधी शोधा

घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट थांबलं की पुष्कळ जण पहिल्यांदा राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालतात. दहा सेकंद दाबून धरली की राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. त्याबरोबर वायफायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातोच. शिवाय अनेक फायबर जोडण्यांमध्ये इंटरनेट सुरू होण्यासाठी लागणारं पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यातली ठरवून दिलेली वाट) क्रमांकही जातो. जोडणी बसवताना कंपनीच्या माणसाने भरलेली ही माहिती घरात सहसा कुणी लिहून ठेवलेली नसते. पाच मिनिटांचं काम मग दोन दिवसांवर जातं. म्हणून टाचणीला हात लावू नका. राउटर बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. पहिलं केव्हाही करा. दुसरं अगदी शेवटी, आणि तेही ही माहिती हाताशी असेल तरच.

कॉम्प्युटरपासून वेबसाइटपर्यंतच्या वाटेत पाच टप्पे असतात: कॉम्प्युटरमधलं वायफाय कार्ड, कार्ड आणि राउटर यांच्यामधली हवा, राउटर, तिथून कंपनीपर्यंत जाणारी फायबर केबल, आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर. एका वेळी सहसा एकच टप्पा बिघडतो. तो कोणता हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुरू झालं ते कळत नाही, आणि जे नीट चालू होतं तेही बिघडू शकतं.

खालच्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० मध्ये मेन्यूंची जागा थोडी वेगळी आहे, कमांड त्याच आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप मात्र रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या; मायनस म्हणजे - आणि स्लॅश म्हणजे / हे चिन्ह.

आधी मोबाइल हातात घ्या

मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर वायफाय मेलेलं असूनही पान उघडतं आणि फसगत होते. मोबाइल त्याच वायफायला जोडा, कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी उभे राहा आणि आज एकदाही न उघडलेली वेबसाइट उघडून पाहा. जागा महत्त्वाची आहे. राउटरजवळ उभं राहून मोबाइल चालला, तर त्यावरून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरबद्दल काहीच कळत नाही.

मोबाइलवरही काही उघडत नसेल तर कॉम्प्युटर निर्दोष आहे, राउटरकडे जा. मोबाइलवर सगळं नीट चालत असेल तर राउटर आणि केबल दोन्ही ठीक आहेत, आणि दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या आणि राउटरच्या जुळणीत आहे. मोबाइलवरही रडतखडत चालत असेल तर संशय हवेवर घ्यायचा. एवढ्या एका चाचणीत निम्मं काम होतं. आणि हो, प्लॅनची मुदत संपलेली नाही ना, हे कंपनीच्या ॲपमध्ये आत्ताच बघून घ्या. मुदत संपली तरी राउटर वायफाय देत राहतो, त्यामुळे रिचार्ज हा विचार मनात येत नाही.

राउटरचे दिवे काय सांगतात

कंपनीची फायबर घरात जिथे येऊन संपते त्या पेटीवर, म्हणजे ओएनटीवर, दोन दिवे पाहायचे: पॉन आणि एलओएस. पॉन स्थिर हिरवा असेल तर कंपनीकडून प्रकाश, म्हणजे फायबरमधला सिग्नल, येतो आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही, आणि मग कॉम्प्युटरवर कितीही कमांड दिल्या तरी उपयोग नाही. अशा वेळी घरातल्या घरात दोन गोष्टी तपासता येतात. पहिली, हिरव्या टोकाची फायबर पेटीत पूर्ण बसली आहे का. दुसरी, केबल कपाटामागे चेपली, दारात अडकली किंवा उंदराने कुरतडली आहे का. फायबर म्हणजे काचेचा तंतू. विजेच्या वायरीसारखी घडी घातली किंवा खिळ्याभोवती आवळली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वळण निदान मुठीएवढं रुंद ठेवा. टोक काढलंच तर त्याला बोट लावू नका आणि त्यात डोकावून पाहू नका. आतला लेसर इन्फ्रारेड असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पॉन हिरवा आहे पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आहे, तर प्रकाश येतोय पण लॉगिन होत नाही. पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर वीज गेल्यावर हे होऊ शकतं. वीज परत येताच दोन्ही एकदम सुरू होतात, राउटर आधी तयार होतो, त्या वेळी पेटी अजून जागीच झालेली नसते. उपाय: दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी पेटी चालू करा, पॉन स्थिर होईपर्यंत दोनेक मिनिटं जाऊ द्या, मगच राउटर चालू करा.

राउटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याच्या अडॅप्टरकडे बघा. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि अडॅप्टर १, १.५ किंवा २ अँपिअरचा असतो. आतले कपॅसिटर जुने झाले की घरात जास्त उपकरणं जोडल्यावर व्होल्टेज पडतं आणि राउटर पुन्हा सुरू होतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनचा धन-ऋण क्रम जुन्यासारखाच हवा. भारनियमनाच्या भागात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेत असाल तर पेटी आणि राउटर दोन्ही त्यावर ठेवा. फक्त राउटर ठेवला तर वीज गेल्यावर वायफाय दिसेल, इंटरनेट मिळणार नाही.

कॉम्प्युटरवर वायफायचं चिन्हच गायब असेल तर

टास्कबारवर वायफायचा पर्यायच दिसत नसेल तर विंडोजला कार्ड सापडलेलं नाही. आधी एअरप्लेन मोड पाहा. लॅपटॉपवर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली फंक्शन कळ चुकून दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपला बाजूला सरकतं बटणच असतं.

ते ठीक असेल तर स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्स पसरवा. वायरलेस, वायफाय किंवा ८०२.११ (वायफायच्या मानकाचा क्रमांक) असं लिहिलेलं नाव शोधा. ते आहे पण त्यावर खाली जाणारा बाण आहे, तर ते कुणीतरी बंद केलं आहे. उजवी क्लिक करून इनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड ४३ म्हणजे अडचण आल्याचं उपकरणाने स्वतः कळवल्याने विंडोजने ते थांबवलं. दोन्हींत पहिला उपाय एकच आणि तो वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा लागू पडतो: लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. सर्किटमध्ये उरलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकलेलं कार्ड नव्याने सुरू होतं. नुसतं शटडाउन करून हे साधत नाही, कारण विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आधीची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. रीस्टार्ट मात्र खरोखर नव्याने सुरू करतं.

विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक ड्रायव्हर पाहा. ते बटण पुसट असेल तर अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि रीस्टार्ट करा; विंडोज ड्रायव्हर पुन्हा चढवतं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण विचारली जाते. नवा ड्रायव्हर हाताशी नसेल तर ती खूण करू नका.

नवा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल क्रमांक टाकून घ्यावा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून दूर राहा. त्यांबरोबर नको ते प्रोग्रॅम येतात. इंटरनेटच नाही तर डाउनलोड कसं करायचं? अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटरला तो केबलचं नेटवर्क म्हणून दिसतो. मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक मोबाइल तेच इंटरनेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे डेटाही खर्च होत नाही. कार्ड कायमचं गेलं असेल तर नवं येईपर्यंत मोबाइलच कार्डाचं काम करू शकतो.

इतर सगळी नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही

इथे कार्ड आणि राउटर यांची भाषा जुळत नाही. कारणं ठरावीक आहेत.

वायफायचे दोन मुख्य पट्टे आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू, हे सर्वांत सामान्य. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" ही कमांड द्या (चारही शब्दांमध्ये एकेक जागा). रेडिओ टाइप्स सपोर्टेड या ओळीत ८०२.११ बी, जी, एन एवढ्या जुन्या पिढ्याच असतील तर ५ गिगाहर्ट्झ मिळण्याची शक्यता फार कमी. एसी किंवा एएक्स असेल तर मिळतं.

दुसरं कारण चॅनलचं, म्हणजे पट्ट्यातल्या ज्या क्रमांकाच्या जागेवर राउटर बोलतो तिचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेतल्या उपकरणांत मात्र सहसा ११ पर्यंतच चालतात. मुलाने किंवा भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपवर घरचं वायफाय दिसत नसेल आणि बाकी सगळ्यांना दिसत असेल, तर राउटर १२ किंवा १३ वर जाऊन बसला आहे का ते पाहा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवरून १, ६ किंवा ११ केला की नेटवर्क दिसू लागतं.

तिसरं कारण सुरक्षेचं. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलं असेल तर जुनी कार्डं जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडा. टीकेआयपी (मजकूर गुप्त करण्याची जुनी पद्धत) दिसलं तर ते बदलून एईएस (नवी पद्धत) करा. टीकेआयपीवर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही आणि सुरक्षाही कच्ची आहे.

जोडलं आहे, पण पान उघडत नाही: चार पिंग

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक घरगुती तक्रारींचा निकाल इथे लागतो. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड.

कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग" लिहा. हा सलग एकच शब्द आहे. वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय या मथळ्याखाली दोन ओळी बघा: आयपीव्ही४ ॲड्रेस (कॉम्प्युटरचा पत्ता) आणि डिफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता). ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही. पत्ता न मिळाल्यावर विंडोज स्वतःच्या मनाने हा आकडा घेतं. अशा वेळी पुढचे पिंग करण्यात अर्थ नाही. वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कवर उजवी क्लिक करून फर्गेट करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. तरीही तेच आलं तर राउटर बंद-चालू करा. घरात टीव्ही, कॅमेरे, मोबाइल मिळून बरीच उपकरणं असतील आणि राउटरमध्ये पत्त्यांची मर्यादा कमी ठेवलेली असेल, तर शेवटी आलेल्याला पत्ता उरत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर ती मर्यादा वाढवता येते. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट ऑटोमॅटिक आहे का तेही पाहा. ऑफिसमध्ये कुणी हाताने पत्ता भरून दिला असेल तर तो घरी चालणार नाही.

ॲड्रेस नीट असेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५, तर गेटवेचा आकडा लिहून घ्या. तो १९२.१६८.१.१ असतो, काही कंपन्यांच्या राउटरवर १९२.१६८.२९.१ किंवा १९२.१६८.०.१. आता ओळीने चार पिंग.

पहिला, "पिंग १२७.०.०.१". हा कॉम्प्युटरने स्वतःलाच विचारलेला प्रश्न. उत्तर आलं नाही तर विंडोजमधलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर बिघडलं आहे.

दुसरा, पिंग आणि पुढे तुमच्या गेटवेचा आकडा. उत्तर आलं तर हवा आणि राउटर ठीक. वायफायवरून राउटरचं उत्तर साधारण १ ते ५ मिलिसेकंदांत यावं. कधी ३, कधी २००, कधी रिक्वेस्ट टाइम्ड आउट असं येत असेल तर दोष हवेत आहे. कमांडच्या शेवटी "मायनस एन ५०" जोडून ५० वेळा विचारा. चारच उत्तरांवरून निर्णय घेऊ नका.

तिसरा, "पिंग ८.८.८.८". हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर बिघाड राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला आहे, किंवा कॉम्प्युटरवरचं व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं सॉफ्टवेअर) वाट अडवून बसलं आहे. ते आधी बंद करून पाहा.

चौथा, पिंग आणि पुढे एखाद्या साइटचं नाव. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस बिघडलं आहे. सेटिंग्जमध्ये वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डीएनएस सर्व्हर मॅन्युअल करा आणि ८.८.८.८ व १.१.१.१ भरा. मग "आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस" दिलं की जुने साठवलेले पत्ते पुसले जातात.

चारही पिंग चालतात आणि ब्राउझर मात्र हटून बसतो? मग दोन जागा पाहायच्या. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी: ऑफिसच्या किंवा एखाद्या फसव्या प्रोग्रॅमने मागे ठेवलेला प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर) चालू असेल तर बंद करा. दुसरी जागा घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि सुरक्षित साइट्स प्रमाणपत्र चुकीचं असल्याचं सांगून उघडायला नकार देतात. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला. बाजारात तो अगदी स्वस्त मिळतो.

टास्कबारवरच्या पृथ्वीच्या चिन्हावर फार विसंबू नका. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकूर फाइल मागवतं आणि ती आली नाही तर "नो इंटरनेट" दाखवतं. व्हीपीएन किंवा जाहिराती रोखणाऱ्या डीएनएसमुळे ती एक फाइल अडली तरी चिन्ह बदलतं, बाकी इंटरनेट चालू असतं.

हळू चालतं, मधूनच तुटतं

"नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" ही कमांड द्या. सिग्नल टक्क्यांत दिसतो. १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप), शून्य टक्के म्हणजे उणे १००. मधले आकडे त्याच प्रमाणात. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास, म्हणजे ६५ टक्क्यांच्या वर सिग्नल हवा. ४० टक्क्यांच्या खाली गेलं की तुटणारच. तिथे ड्रायव्हर बदलून काही होणार नाही, राउटर हलवावा लागेल.

राउटर कुठे ठेवता यावर फार काही ठरतं. लोखंडी कपाट, आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी, सिमेंटचा स्लॅब आणि कोकण-गोव्याकडच्या जुन्या घरांतल्या जाड जांभ्याच्या भिंती लहरी अडवतात. टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर भिंतीला चिकटवून ठेवलेला राउटर घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर आणला तर बऱ्याच घरांत दुसरं काही करावंच लागत नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीत लवकर दमतं. दोन भिंतींपलीकडच्या कॉम्प्युटरला २.४ जास्त टिकाऊ. दोन्हींना एकच नाव असेल तर कॉम्प्युटर इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत जोडणी क्षणभर तुटते. नावं वेगळी ठेवा आणि त्या कॉम्प्युटरला एकच द्या.

२.४ मध्ये गर्दी फार. इमारतीतली सगळी वायफायं, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ३ किंवा ४ वर जाऊन सुटका होत नाही. तिथे १ आणि ६ दोन्हींचा गोंगाट ऐकू येतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर दिवसातून एखाद-दोन वेळा मिनिटभर वायफाय गायब होत असेल तर चॅनल ३६ ते ४८ पैकी निवडा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारही वापरतात, आणि रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो.

डेस्कटॉपला मागे यूएसबीचं छोटं वायफाय लावलं असेल तर दोन अडचणी असतात. लोखंडी कॅबिनेट राउटरच्या आड येतं. आणि शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती डेटा पाठवताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करते. मीटरभर लांब यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन ते वायफाय टेबलावर आणा. थोड्या पैशांत होणाऱ्या सुधारणांत ही सर्वांत मोठी.

काम थांबवून चहाला गेलं आणि परत आल्यावर वायफाय मेलेलं, असं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. अनेक नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो. तिथे ड्रायव्हर अपडेट हाच मार्ग.

आणि वेगाची अपेक्षा नीट ठेवा. एका अँटेनाचं ८०२.११एन कार्ड २० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडतं, आणि प्रत्यक्ष वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. प्लॅन ३०० चा केला तरी त्या कॉम्प्युटरवर ४० च्या पुढे फार जाणार नाही. इथे पैसे कार्डावर घालावेत, प्लॅनवर नव्हे.

काहीच जमलं नाही तर

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, "नेटएसएच विनसॉक रीसेट" आणि मग "नेटएसएच आयएनटी आयपी रीसेट" द्या, रीस्टार्ट करा. त्यानंतरही नाही तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड, नेटवर्क रीसेट. यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्या जातात, त्यामुळे ते आधी लिहून घ्या.

दोष कंपनीच्या बाजूला निघाला तर फोनवर "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. पॉन आणि एलओएस दिव्यांची स्थिती, गेटवेचा पिंग चालतो, ८.८.८.८ चा चालत नाही, हे किती वाजल्यापासून, आणि मोबाइलवरही तेच, हे सांगा. "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट" दिलं तर मागच्या ३ दिवसांत वायफाय केव्हा तुटलं याचा तक्ता तयार होतो. तो वायफायबद्दल बोलतो, फायबरबद्दल नाही, म्हणून तो स्वतःसाठी ठेवा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि पुढे अपील करायची वेळ आली तर तोच लागतो. घरी माणूस आला की त्याच्याकडून पीपीपीओईचं युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांक विचारून राउटरच्या तळाला चिकटवून ठेवा; पासवर्ड मात्र वेगळ्या वहीत.